शोधप्रबंधातले संदर्भ तुटलेत? सॉफ्टवेअर बदलण्याआधी या क्रमाने तपासा

प्रबंध जमा करायला महिना उरलेला असतो, संदर्भसूची अचानक भलतंच काही दाखवू लागते आणि पहिला प्रश्न येतो: 'झोटेरो सोडून मेंडेली घेऊ का?' (दोन्ही संदर्भ साठवून ते प्रबंधात घालून देणारी सॉफ्टवेअर.) कुणी मेंडेली सोडून झोटेरो घ्यायला निघालेलं असतं. दोघांनाही उत्तर एकच: आत्ता नको. दोष सॉफ्टवेअरच्या निवडीत क्वचित असतो. बहुतेक वेळा तो प्रबंधाची फाइल आणि संदर्भांचा संग्रह यांना जोडणाऱ्या दुव्यात असतो, नाहीतर संग्रहातल्या नोंदींत. अर्ध्या वाटेवर सॉफ्टवेअर बदललं, तर शाबूत असलेले दुवेही बहुधा जातात.

खालच्या पायऱ्या विंडोजवरचा झोटेरो आणि मायक्रोसॉफ्ट वर्ड या जोडीसाठी लिहिल्या आहेत, कारण पैसे न मोजता सुरुवात करणारे बहुतेक जण याच जोडीवर येतात. मेंडेली आणि एंडनोट (याच कामाचं आणखी एक सॉफ्टवेअर) यांमध्ये बटणांची नावं वेगळी आहेत, पण कारणं बरीचशी हीच.

लक्षणं

यातलं तुमचं कोणतं, ते आधी ठरवा.

- वर्डमध्ये झोटेरोचा टॅब नाही, किंवा बटण दाबल्यावर काहीच होत नाही. (तपासणी १)
- संदर्भावर क्लिक केलं तरी त्यावर राखाडी पट्टी येत नाही. शैली (संदर्भ मांडण्याच्या नियमांचा संच) बदलली तरी तो ढिम्म. (तपासणी २)
- झोटेरोमध्ये चूक दुरुस्त केली, 'रिफ्रेश' दाबलं, तरी प्रबंधात जुनंच दिसतं. (तपासणी २, ३ आणि ४)
- सगळीकडे 'पाटील, २०१८' असं येतं आणि मधेच एका ठिकाणी 'एस. पाटील, २०१८'. किंवा एकाच पुस्तकाचे २०१५अ आणि २०१५ब असे दोन अवतार. (तपासणी ४)
- देवनागरी नावं चिकटलेली, उलटी किंवा अर्धीच. शासकीय अहवालाचा लेखक 'शासन, महाराष्ट्र'. (तपासणी ४)
- मराठी संदर्भातही 'एट ऑल' आणि 'एडिटर' इंग्रजीतच. सूचीत मराठी अक्षरं वेगळ्याच फॉन्टमध्ये. (तपासणी ५)
- प्रत्येक संदर्भ घालताना वर्ड मिनिटभर थिजतं, किंवा दस्तऐवज अपडेट करताना चूक झाल्याचा निरोप येतो. (तपासणी ६)
- झोटेरोच उघडत नाही, किंवा उघडतो पण संग्रह रिकामा. (तपासणी ७)

काहीही करण्याआधी प्रबंधाची एक प्रत तारखेच्या नावाने वेगळी ठेवा आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करा. मूळ फाइलवर 'जरा बघतो' म्हणून केलेला प्रयोग आणि त्यावर सवयीने दाबलेलं सेव्ह, एवढ्याने दोनशे संदर्भ जाऊ शकतात.

जोडणी कशी चालते

एवढं समजून घेतलं की पुढच्या सगळ्या तपासण्या आपोआप कळतात. वर्डमध्ये तुम्हाला दिसतं ते '(पाटील, २०१८)' हे वरचं कवच. त्याच्या आत वर्डचं एक 'फील्ड' लपलेलं असतं. त्या फील्डमध्ये झोटेरोच्या संग्रहातल्या नोंदीचा क्रमांक असतो आणि त्या नोंदीच्या माहितीची एक छोटी प्रतही असते. 'रिफ्रेश' दाबलं की झोटेरो प्रत्येक फील्डमधला क्रमांक वाचतो, संग्रहात ती नोंद शोधतो, निवडलेल्या शैलीचे नियम लावतो आणि कवच नव्याने लिहितो. म्हणजे जागा चारच: फील्ड, नोंद, शैली, आणि या तिघांना बोलतं ठेवणारं प्लगइन, म्हणजे वर्डमध्ये बसलेला झोटेरोचा छोटा जोडप्रोग्रॅम.

तपासणी १: प्लगइन. वेळ पाच मिनिटं, खर्च शून्य

झोटेरो उघडा आहे का ते पहा. वर्डमधली बटणं स्वतः काही करत नाहीत, ती फक्त झोटेरोला हाक मारतात. तो बंद असेल तर हाक वाया.

मग वर्डच्या वरच्या पिवळ्या पट्टीकडे पहा. मेलवरून आलेली फाइल 'प्रोटेक्टेड व्ह्यू'मध्ये, म्हणजे फक्त वाचण्यासाठी उघडते. 'एनेबल एडिटिंग' दाबेपर्यंत झोटेरो तिच्यात काही लिहू शकत नाही. झोटेरो आणि वर्ड यांपैकी एकच 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडलं असेल, तरी दोघांचं बोलणं होत नाही. दोन्ही बंद करून साध्या पद्धतीने उघडा.

आता कोरी फाइल उघडून तिच्यात एक संदर्भ आणि खाली सूची घाला. ही चाचणी टाळू नका, कारण इथे वाट दुभंगते. कोऱ्या फाइलमध्ये सगळं नीट चाललं तर झोटेरो आणि वर्ड धडधाकट आहेत आणि दोष तुमच्या प्रबंधाच्या फाइलमध्ये किंवा नोंदींत आहे. मग झोटेरो काढून पुन्हा बसवण्यात संध्याकाळ घालवू नका. कोऱ्या फाइलमध्येही चाललं नाही, तर झोटेरोमध्ये एडिट, सेटिंग्ज, साइट (Cite), वर्ड प्रोसेसर्स या वाटेने जाऊन प्लगइन 'रिइन्स्टॉल' करा. वर्ड आधी पूर्ण बंद हवं. तरी टॅब येत नसेल तर वर्डच्या ऑप्शन्समध्ये ॲड-इन्स उघडा, खालच्या 'मॅनेज' यादीत 'डिसेबल्ड आयटम्स' निवडा आणि तिथे झोटेरोचं नाव आहे का पहा. वर्ड एखाद्या वेळी कोलमडलं की संशय आलेलं प्लगइन ते स्वतःच या यादीत टाकून देतं.

तपासणी २: फील्ड जिवंत आहे का

संदर्भाच्या मधोमध क्लिक करा. राखाडी पट्टी आली तर फील्ड जिवंत. खात्री हवी असेल तर ऑल्ट आणि एफ९ एकत्र दाबा (बऱ्याच लॅपटॉपवर सोबत एफएन लागतं). पानभर कंसांचा लांबलचक मजकूर दिसेल आणि त्यात 'झोटेरो आयटम' हे शब्द इंग्रजी मोठ्या अक्षरांत असतील. घाबरू नका, पुन्हा तीच बटणं दाबली की पान पहिल्यासारखं होतं. जिथे असा मजकूर उघडत नाही आणि नुसतं '(पाटील, २०१८)' तसंच राहतं, तिथे फील्ड मेलेलं आहे. ते आता साधी अक्षरं आहेत, आणि झोटेरोच्या लेखी तिथे संदर्भच नाही. सूचीतून एखादं पुस्तक 'गायब' होतं ते बहुधा यामुळेच.

फील्ड मरतं कशानं? सगळ्यात जास्त वेळा फाइलच्या प्रवासात. वर्डची फाइल गुगल डॉक्समध्ये उघडून, तिथे दोन ओळी सुधारून पुन्हा वर्डमध्ये उतरवली की फील्डं साध्या मजकुरात बदलतात. लिबरऑफिसमध्ये उघडून सेव्ह केलं तरी तीच गत. डीटीपीवाल्याने मजकूर दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये घेऊन पानं लावली आणि परत वर्डमध्ये दिला, किंवा कुणी पीडीएफची वर्ड फाइल केली, की त्यात एकही फील्ड उरत नाही. कंट्रोल, शिफ्ट, एफ९ ही तीन बटणं एकत्र दाबली गेली तरी निवडलेल्या मजकुरातली फील्डं कायमची सुटतात. उलट, मार्गदर्शकांच्या संगणकावर झोटेरो नसला आणि त्यांनी नेहमीच्या वर्डमध्ये फाइल सुधारून दिली, तर फील्डांना काही होत नाही. म्हणून सरांना किंवा मॅडमना एवढंच सांगा: शेरे वर्डमधल्या 'कॉमेंट'मध्ये द्या, नाहीतर पीडीएफवर. फाइल गुगल डॉक्समध्ये उघडू नका.

मेलेलं फील्ड पुन्हा जिवंत करणारं बटण कोणत्याच सॉफ्टवेअरमध्ये नाही. उपाय दोनच. पहिला, शेवटची जिवंत प्रत शोधा: पाठवलेल्या मेलमध्ये, पेनड्राइव्हवर, फाइल वनड्राइव्हवर असेल तर तिच्या 'व्हर्जन हिस्टरी'मध्ये. ती सापडली की वर्डच्या 'रिव्ह्यू' टॅबमधलं 'कंपेअर' वापरून दोन प्रतींतला फरक पहा आणि नवे परिच्छेद जिवंत प्रतीत आणा. दिशा हीच ठेवा. जुने संदर्भ नव्या फाइलमध्ये चिकटवत बसण्यापेक्षा नवा मजकूर जुन्या फाइलमध्ये नेणं किती तरी सोपं. दुसरा उपाय, संदर्भ हाताने पुन्हा घाला. एका संदर्भाला एक मिनिट धरलं तर दोनशे संदर्भांना तीन तास वीस मिनिटं लागतात. ऐकायला फार वाटतं, पण नवं सॉफ्टवेअर शिकून घेण्यापेक्षा कमी आहे.

तपासणी ३: संदर्भाला कुलूप लागलंय का

फील्ड जिवंत आहे, तरी दुरुस्ती उतरत नाही. अशा वेळी आठवून पहा: तुम्ही संदर्भात हाताने काही बदललं होतं का? '(पाटील, २०१८)' मध्ये 'पृ. ४५' थेट टंकलं, की पुढच्या रिफ्रेशला झोटेरो विचारतो की तुमचा बदल ठेवून यापुढे हा संदर्भ अपडेट करणं थांबवू का. घाईत 'येस' दाबलं जातं आणि त्या संदर्भाला कायमचं कुलूप लागतं. नोंद सुधारा, शैली बदला, तो जागचा हलत नाही.

उपाय: तो संदर्भ पुसून नव्याने घाला. पृष्ठक्रमांक द्यायची योग्य जागा वेगळी आहे. 'ॲड/एडिट सायटेशन' दाबून उघडणाऱ्या पट्टीत पुस्तकाच्या नावाच्या बुडबुड्यावर क्लिक करा. तिथे पृष्ठ, आधीचा मजकूर ('पहा', 'उद्धृत'), नंतरचा मजकूर आणि लेखकाचं नाव वगळण्याची खूण, अशा चौकटी आहेत. 'पाटील (२०१८) म्हणतात' अशी वाक्यरचना हवी असेल तर नाव स्वतः लिहा आणि कंसातलं नाव त्या खुणेने वगळा.

त्याच बुडबुड्यात 'ओपन इन माय लायब्ररी' असं बटण असतं. ते दिसत नसेल तर या फील्डची नोंद तुमच्या संग्रहात उरलेलीच नाही आणि प्रबंध फील्डमधल्या जुन्या प्रतीवर चालला आहे. दुरुस्ती न उतरण्याचं हे दुसरं मोठं कारण. तो संदर्भही संग्रहातली नोंद निवडून नव्याने घालावा लागतो.

तपासणी ४: नोंदी

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. मराठी आणि इंग्रजी संदर्भ एकत्र असलेल्या प्रबंधात निम्म्याहून अधिक डोकेदुखी या एका तपासणीत संपते.

*मधेच आद्याक्षर येणं.* एपीए, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या शैलीचा नियम असा की एकाच आडनावाचे दोन वेगळे लेखक असतील तर वाचकाचा गोंधळ टाळण्यासाठी आद्याक्षर द्यायचं. तुमच्या संग्रहात एका नोंदीत 'पाटील, एस.' आणि दुसरीत 'पाटील, सुनील' असेल, तर तुम्हाला माहीत आहे की ते एकच, पण झोटेरोला ते दोन माणसं वाटतात. तो नियम बरोबर पाळतो आहे. नोंद विसंगत आहे. लेखकाचं नाव सगळ्या नोंदींत अक्षर न् अक्षर सारखं करा. एखाद्या नावामागे रिकामी जागा जादा असली तरी शोधून काढा.

*नाव-आडनावाची उलटापालट.* नियतकालिकांच्या संकेतस्थळांवरून माहिती ओढून घेताना भारतीय नावं फार वेळा उलटी येतात. 'पाटील एस. बी.' असं छापलेलं असेल तर 'बी.' हेच आडनाव होऊन बसतं. नोंदीत नावाच्या ओळीवर नाव-आडनाव अदलाबदल करण्याची सोय आहे, ती वापरा. प्रत्येक नोंद घेतल्याबरोबर लेखकाच्या चौकटीवर नजर टाकायची सवय लावली तर हा त्रास साचत नाही.

*२०१५अ आणि २०१५ब.* एकच पुस्तक संग्रहात दोनदा आलं आहे, किंवा एकदा तुमच्या संग्रहातून आणि एकदा गटाच्या सामायिक संग्रहातून उद्धृत झालं आहे. झोटेरोच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या नोंदी. तुमच्याच संग्रहातल्या दोन असतील तर 'डुप्लिकेट आयटम्स'मध्ये जाऊन त्या 'मर्ज' करा. एक नोंद पुसून टाकू नका. मर्ज केल्यावर जुन्या क्रमांकाचे संदर्भ उरलेल्या नोंदीकडे वळतात. पुसल्यावर ते अनाथ होतात. गटाची भानगड असेल तर कुठला संग्रह वापरायचा ते ठरवा आणि दुसऱ्यातले संदर्भ नव्याने घाला.

*संस्था लेखक असणं.* 'महाराष्ट्र शासन' हे नाव दोन चौकटींत विभागलं गेलं की 'शासन' आडनाव आणि 'महाराष्ट्र' हे त्याचं नाव ठरतं. सूचीत ते 'श'खाली जातं. लेखकाच्या ओळीच्या टोकाला दोन चौकटींची एक चौकट करणारं छोटं बटण आहे. ते दाबून पूर्ण नाव एकाच चौकटीत लिहा. विद्यापीठं, आयोग, मंडळं, वृत्तपत्रं, सगळ्यांना हेच.

*देवनागरी नावं चिकटणं.* नाव आणि आडनाव यांच्यामधला स्वल्पविराम किंवा मोकळी जागा उडाली असेल, तर इथेही एकच चौकट करून 'आडनाव, नाव' असं स्वल्पविरामासह लिहिता येतं. एका चौकटीतला मजकूर जसाच्या तसा छापला जातो. याची किंमत एक आहे: मजकुरातल्या कंसातही पूर्ण नाव येतं. तळटीपांच्या शैलीत ते खपून जातं. लेखक-वर्ष शैलीत खपत नसेल तर दोन चौकटीच ठेवा आणि अंतिम प्रतीत सूची हाताने नीट करा. ती प्रत कशी काढायची ते तपासणी ५ मध्ये आहे.

*वर्ष.* तारखेच्या चौकटीत अंक इंग्रजीच लिहा. '१९११' असं देवनागरीत लिहिलं की सॉफ्टवेअर त्याला वर्ष म्हणून ओळखत नाही आणि क्रम बिघडतो. देवनागरी अंक हवेच असतील तर ते शेवटच्या प्रतीत बदला. जुन्या मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठावर शके असतो. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, मात्र पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या दिवसांसाठी बहुधा ७९ मिळवावे लागतात. शके १८३३ म्हणजे १९११, आणि वर्षअखेरीचे महिने १९१२ मधले. तारखेत इसवी सन लिहा आणि मूळ शके 'एक्स्ट्रा' चौकटीत टिपून ठेवा. परीक्षकांनी विचारलं तर हाताशी असतो.

*जुने फॉन्ट.* कृतिदेव किंवा श्री-लिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेलं शीर्षक वर्डमध्ये मराठी दिसतं, पण झोटेरोमध्ये चिकटवलं की इंग्रजी अक्षरांचा कचरा होतो. तो मजकूर आतून मराठी नाहीच. फॉन्टने मराठीचा मुखवटा चढवलेला असतो. फॉन्ट बदलून हे सुटत नाही. मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये न्यावा लागतो, आणि त्यानंतर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतात. शीर्षकं पन्नासच्या आत असतील तर सरळ नव्याने टंका, तेच लवकर होतं.

इंग्रजी शीर्षकांबद्दल एकच: ती वाक्यासारखी ठेवा, फक्त पहिलं अक्षर आणि विशेषनामं मोठी. शीर्षकावर उजवं क्लिक करून 'ट्रान्सफॉर्म टेक्स्ट'मधून ते होतं. मोठी अक्षरं हवी असणारी शैली ती स्वतः करून घेते. उलटं तिला नीट जमत नाही.

तपासणी ५: शैली आणि भाषा

सूचीतला स्वल्पविराम चुकला म्हणून सूचीतच बदलू नका. पुढच्या रिफ्रेशला तो बदल पुसला जातो. शैली 'डॉक्युमेंट प्रेफरन्सेस'मधून बदलायची असते. झोटेरोच्या शैलीभांडारात दहा हजारांहून जास्त शैली आहेत, त्यामुळे विद्यापीठाच्या नियमपुस्तिकेशी नव्वद टक्के जुळणारी एखादी सापडतेच. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी शैलीची फाइल सुधारता येते, पण आधी तिचं नाव आणि ओळखक्रमांक बदला. नाहीतर मूळ शैलीचं पुढचं अपडेट येऊन तुमचं काम झाकून टाकेल.

'एट ऑल'च्या जागी 'व इतर' हवं असेल तर आधी त्याच खिडकीत भाषेची यादी पहा. यादी धूसर असेल तर शैलीने भाषा स्वतःच ठरवून ठेवली आहे. मराठी मिळाली नाही तर शैलीच्या फाइलमध्ये त्या त्या संज्ञेसाठी मराठी शब्द लिहून द्यावा लागतो. 'व इतर', 'संपा.', 'पृ.', 'आवृत्ती' एवढे चार-पाच शब्द पुरतात. अडचण मात्र खरी आहे: हे शब्द मग इंग्रजी संदर्भांनाही लागतात. शिवाय अनेक विद्यापीठं मराठी आणि इंग्रजी संदर्भांच्या सूच्या वेगळ्या मागतात, आणि वर्डमध्ये झोटेरो एका दस्तऐवजात दोन वर्गांच्या सूच्या करत नाही. यावर आडवाटा शोधत बसू नका. प्रबंध पूर्ण झाला की फाइलची प्रत काढा, त्या प्रतीत झोटेरो टॅबमधलं 'अनलिंक सायटेशन्स' दाबा, आणि मग सूची हाताने विभागा, शब्द बदला, अंक देवनागरी करा. जिवंत प्रत जपून ठेवा. परीक्षकांनी दुरुस्त्या सुचवल्या की तीच लागते.

सूचीचा मराठी फॉन्ट वेगळा येत असेल तर वर्डमधली 'बिब्लिओग्राफी' नावाची स्टाइल सुधारा, आणि फॉन्टच्या खिडकीत 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'च्या चौकटीत तुमचा युनिकोड फॉन्ट निवडा. देवनागरीला वर्ड त्या चौकटीतला फॉन्ट लावतं, वरच्या चौकटीतला फक्त इंग्रजीला. फॉन्ट बदलूनही काही होत नाही, ही तक्रार इथेच मिटते.

तपासणी ६: थिजणं आणि चूक होणं

तीनशे पानांच्या फाइलमध्ये प्रत्येक नव्या संदर्भाबरोबर झोटेरो सगळे संदर्भ पुन्हा तपासतो. 'डॉक्युमेंट प्रेफरन्सेस'मध्ये आपोआप अपडेट होण्याची खूण काढा. मग दिवसाच्या शेवटी एकदा 'रिफ्रेश' दाबलं की पुरे. 'ट्रॅक चेंजेस' चालू असेल तर संदर्भ घालण्यापुरतं बंद करा, नाहीतर प्रत्येक रिफ्रेशला जुनी आणि नवी अशी दोन्ही फील्डं फाइलमध्ये साचतात.

चूक झाल्याचा निरोप येत असेल तर आधी शीर्षकं आणि चित्रांच्या, तक्त्यांच्या मथळ्यांकडे पहा. तिथे घातलेला संदर्भ अनुक्रमणिकेत किंवा आकृत्यांच्या यादीत नकलला जातो आणि गोंधळ होतो. मजकूर-चौकटींतले संदर्भही बाहेर काढा.

तरीही निरोप हटत नसेल तर फाइल अर्धी करा. प्रतीतला उत्तरार्ध कापा आणि रिफ्रेश करून पहा. चाललं तर दोष कापलेल्या भागात, नाही चाललं तर उरलेल्यात. दोषी अर्ध्याचं पुन्हा अर्धं करा. तीनशे पानांतून दोषी पानापर्यंत पोचायला आठ-नऊ वेळा कापणं पुरतं, आणि तिथे एखादंच मोडलेलं फील्ड सापडतं. ते पुसून मूळ फाइलमध्ये नव्याने घाला. कंटाळवाणं आहे, पण खात्रीचं.

तपासणी ७: संग्रहाचं फोल्डर

झोटेरोचा सगळा संग्रह तुमच्या विंडोज खात्याच्या फोल्डरमधल्या 'झोटेरो' या फोल्डरमध्ये असतो: एक डेटाबेस फाइल आणि पीडीएफांचं 'स्टोरेज'. हे फोल्डर गुगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्हमध्ये हलवू नका. झोटेरो डेटाबेसमध्ये लिहीत असताना ड्राइव्ह तीच फाइल उचलू पाहतं आणि डेटाबेस खराब होतो. दोन संगणकांवर संग्रह हवा असेल तर झोटेरोचं स्वतःचं सिंक वापरा. नोंदींच्या सिंकला मोफत खात्यात मर्यादा नाही. ३०० एमबीची मर्यादा पीडीएफ वगैरे फाइलींना आहे. जागा भरल्याचा निरोप आला की नोंदी अडकल्या असं समजू नका. फाइलींचं सिंक बंद केलं तरी नोंदी जात-येत राहतात.

सिंक म्हणजे बॅकअप मात्र नव्हे. इथे पुसलेलं तिथेही पुसलं जातं. आठवड्यातून एकदा झोटेरो बंद करून ते पूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवा.

संग्रह रिकामा दिसला तर लगेच काही नवं घालू नका. फोल्डरची जागा बदलली आहे का ते सेटिंग्जमध्ये पहा. डेटाबेस फाइलच्या शेजारी 'बॅक' हा शेपटा लावलेली प्रत असते. झोटेरो ती स्वतः ठेवतो. आधी पूर्ण फोल्डरची नक्कल करा, मगच तिला हात लावा.

मग सॉफ्टवेअर बदलायचं कधी?

नोंदी एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेणं सोपं आहे. आरआयएस किंवा बिबटेक (नोंदी साठवायचे दोन प्रचलित प्रकार) फाइल काढली की झालं. पण त्या फाइलबरोबर नोंदींचे जुने क्रमांक जात नाहीत, त्यामुळे प्रबंधातली फील्डं नव्या संग्रहाला ओळखत नाहीत. म्हणून एक प्रकरण लिहून झालं असेल तर बदलण्याचा विचार करता येतो. चार झाली असतील तर आहे त्यातच प्रबंध संपवा.

मेंडेलीचं जुनं डेस्कटॉप सॉफ्टवेअर सप्टेंबर २०२२ पासून नव्याने बसवण्यासाठी मिळत नाही. ते अजून वापरत असाल तर संगणक बदलण्याआधी निर्णय घ्या. एंडनोट विद्यापीठाच्या परवान्यावर मिळत असेल तर परवाना तुमच्या नोंदणीनंतरही चालेल का, हे ग्रंथालयात आधी विचारा. गणित किंवा भौतिकशास्त्रात लाटेक (आज्ञा लिहून पानं मांडणारी प्रणाली) वापरणाऱ्यांनी बिबटेक फाइली सांभाळणारं जॅबरेफ पाहावं, किंवा झोटेरोला 'बेटर बिबटेक' हे प्लगइन जोडावं. भाषेनुसार वेगळ्या सूच्या लाटेकमध्ये सहज होतात.

नव्याने निवडणाऱ्यांनी सहा नोंदींची चाचणी घ्यावी: एक इंग्रजी शोधनिबंध, संपादित मराठी ग्रंथातला एक लेख, एक शासकीय अहवाल, वृत्तपत्रातला एक मजकूर, आणि एकाच लेखकाची एकाच वर्षातली दोन पुस्तकं. त्यांची सूची विद्यापीठाच्या शैलीत काढा, फाइल मार्गदर्शकांकडे पाठवून परत मागवा, आणि रिफ्रेश करा. दोन तासांत कळतं की हे तुम्हाला तीन-चार वर्षं पुरेल का.

इथे थांबा आणि मदत मागा

डिस्कमधून खडखडाट येत असेल किंवा फोल्डरची नक्कल होताना मधेच चूक येत असेल, तर संगणक बंद करा आणि डेटा परत मिळवून देणाऱ्या तंत्रज्ञाकडे न्या. तो जितका वेळ चालू ठेवाल तितकी हानी वाढते. डेटाबेस खराब असल्याचा निरोप आला तर झोटेरोच्या संकेतस्थळावर दुरुस्तीचं साधन आहे; त्यातूनही निघालं नाही तर स्वतः फाइल उघडून चिरफाड करू नका. अर्धी करण्याची पद्धत दोनदा वापरूनही दोषी जागा सापडली नाही, किंवा जमा करायला आठवड्याहून कमी दिवस उरलेत, तर विद्यापीठाच्या ग्रंथपालांना गाठा.

झोटेरोच्या मदतकक्षात लिहायचं असेल तर 'हेल्प'मधून 'रिपोर्ट एरर्स' निवडा आणि मिळणारा क्रमांक द्या. सोबत विंडोज, वर्ड आणि झोटेरो यांच्या आवृत्त्या, चूक झाल्याचा निरोप जसाच्या तसा, आणि कोऱ्या फाइलच्या चाचणीत काय झालं ते लिहा. 'रेफरन्स चालत नाहीत' एवढंच लिहिलं तर पहिले दोन दिवस याच प्रश्नोत्तरांत जातात.

'सगळे रेफरन्स सेट करून देतो' असं म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी एक विचारा: फाइल परत येईल तेव्हा फील्डं जिवंत असतील का? उत्तर 'नाही' असेल तर त्याला फक्त 'अनलिंक' केलेली प्रत द्या.